बादशहा नालबंदाचा डूख

साप डूख धरतो, असं जुनी माणसं सांगतात. ते खरं की खोटं हे सापालाच ठाऊक. पण इस्लामपूरपासून चार मैलांवरच्या त्या गावात बादशहा नालबंद डूख धरतो, याबद्दल कुणाच्याही मनात तीळमात्र शंका नव्हती. दादासो नावाच्या शेतकऱ्यानं एकदा भर बाजारात नुसतं म्हटलं होतं, "बादशा, खिळा जरा वाकडा बसलाय रं." झालं. त्या दिवसापासून अकरा वर्षं बादशहानं दादासोच्या बैलाच्या खुराला हात लावला नाही. बिचारा दादासो नाल मारायची वेळ आली की बैल हाकत इस्लामपूरला जायचा. मध्यंतरी दोनदा त्यानं माणसं मध्ये घालून बघितली. बादशहानं त्या माणसांना चहा पाजला, सुपारी कातरून दिली, आणि सांगितलं, "त्यास्नी सरळ खिळा लागतो. माझा हात वाकडा हाय."

बाकी माणूस कामाचा होता. त्याचा बाप कुतुबुद्दीन याच धंद्यातला. तो बादशहाच्या डोळ्यांवर पटका बांधून त्याला बैलांचे पाय चाचपायला लावायचा. खूर कुठं उललाय, शीर कुठं आखडलीय, मागच्या पायाची वाटी कुठं सरकलीय, हे बोटांनी ओळखायचं. वाटी म्हणजे गुडघ्यावरचं गोल हाड. ती जागा सोडून बसली की बैलाचा पाय ताठतो, बैल तो फरफटत नेतो. मग पाय लांब ओढायचा, अंगठ्यानं वाटी रेटायची, की बैल मोकळा. कुतुबुद्दीन म्हणायचा, "डोळं फसवत्यात, बोटं फसवत न्हाईत." बाप गेला, पण बादशहाच्या बोटांत तो शिल्लक राहिला.

चावडीजवळच्या चिंचेखाली बादशहाचं काम चालायचं. दोरानं बैल पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचे आणि पत्र्या, म्हणजे खुराखालचे लोखंडी तुकडे, ठोकायच्या. बेचाळीसनंतरच्या दोन-तीन वर्षांत भूमिगतांनी गावगुंडांच्या तळपायांना पत्र्या ठोकल्याच्या गोष्टी त्या मुलखात घरोघर रंगायच्या. तेव्हा लोक चेष्टेनं विचारायचे, "बादशा, पत्री तुझ्याकडनंच जाती काय?" बादशहा हसून मान हलवायचा. माणसाच्या पायाला पत्री मारावी असं त्याला तोवर कधी वाटलं नव्हतं.

सेहेचाळीस सालच्या हिवाळ्यात लालासाहेब जमादार पलटणीतून पेन्शन घेऊन गावी आला. येताना त्याच्या काखोटीला एक कुत्री होती. त्याचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा कुत्री त्यानं लालासाहेबाच्या हवाली केली होती. पांढरीशुभ्र, झुपकेदार केसांची, कोंबडीपेक्षा जरा थोर. नाव रोझी. गावानं दोन दिवसांत तिची रोजी केली. लालासाहेबाला आणि त्याच्या बायकोला, शालूबाईला, मूलबाळ नव्हतं. त्यामुळं रोजीचे लाड असे काही सुरू झाले की गावातल्या सुनांना तिचा हेवा वाटावा. सकाळी दूध-भात, दुपारी तूप लावलेली चपाती, संध्याकाळी गुळाचा खडा. दोन महिन्यांत कुत्री लोडासारखी गोल झाली. आणि तशा अंगानं ती दिवसातून पन्नास वेळा उंच ओट्यावरून खाली उडी मारायची.

लालासाहेब मनाचा वाईट नव्हता, पण तोंडाला लगाम नव्हता. पलटणीतली गोष्ट सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. एकदा चिंचेखाली उभा राहून तो चारचौघांत म्हणाला, "मिल्ट्रीत घोड्याला नाल मारत्यात ती बगाय पायजे गड्या. ह्ये काय, नुसती ठोकाठोकी." बादशहा पत्री ठोकत राहिला. सगळ्या गावानं मात्र मनातल्या मनात नोंद केली, आता जमादाराचे बैल इस्लामपूरला जाणार.

पुढच्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. बादशहा गुंडाच्या बैलाला पत्री मारत होता. गुंडा हा लालासाहेबाचा चुलतभाऊ. तो बैलाची शिंगं दाबून मानेवर बसला होता. एवढ्यात रोजी भुंकत धावत आली आणि पडलेल्या बैलाच्या कानाशी नाचायला लागली. बैल उसळला. बादशहानं बसल्या जागेवरून हातोड्याचा हात उगारला आणि "हाड्!" केलं. रोजी गर्रकन वळली, आणि वळता वळताच केकाटली. मागचा उजवा पाय पोटाशी घेऊन ती तीन पायांवर उभी राहिली. हातोडा तिच्यापासून हातभर लांब होता.

पण चावडीच्या ओट्यावरून लालासाहेबानं पाहिलं ते एवढंच, बादशहाच्या हातात उगारलेला हातोडा आणि समोर लंगडणारी रोजी.

तो तरातरा आला. लोक गोळा झाले. "मारलास?" त्यानं विचारलं.

"न्हाई जमादार. हातोडा लागला न्हाई तिला. गुंडाला इचारा."

सगळ्यांनी गुंडाकडं बघितलं. गुंडानं सगळं पाहिलं होतं. त्यानं एकदा भावाच्या तोंडाकडं पाहिलं, मग बैलाकडं. "माझी मान खाली व्हती," तो म्हणाला. "मी काय बगितलं न्हाई."

मग आणखी साक्ष कशाला हवी होती? बादशहा डूख धरतो हे पोरासोरांना ठाऊक होतं. जमादारानं त्याच्या कामाला नावं ठेवली, त्यानं जमादाराच्या कुत्रीचा पाय मोडला. हिशेब सरळ लागत होता. अकरा वर्षं दादासोवर धरलेला डूख असा त्याच्याच गळ्यात येऊन पडला.

लालासाहेबाचा आवाज चढला. "राग माझ्यावर व्हता न्हवं तुझा? मंग मला मारायचं. मी हितंच व्हतो. मुक्या जनावरानं तुझं काय केलं व्हतं?" त्यानं रोजीला उचललं आणि चावडीच्या पायरीवर ठेवलं. "धर तिचं पाय. सगळ्यांम्होरं माफी माग. न्हाईतर या गावात तुझा हातोडा वाजू द्यायचा न्हाई मी."

कुणीही मध्ये पडलं नाही. जाणती माणसंसुद्धा मिशांत बोटं घालून बघत राहिली. बादशहा पायरीपाशी गुडघे टेकून बसला आणि त्यानं कुत्रीचा तो दुखरा पाय हातात धरला.

आणि बोटांना कळलं.

काडीएवढा पाय. हाड शाबूत. सूज नाही, मार नाही. फक्त हरभऱ्याएवढी वाटी आपली खाच सोडून आतल्या अंगाला घसरली होती. खाच मुळातच उथळ होती. ही कुत्री जन्मालाच असा गुडघा घेऊन आलेली, त्यात अंगावर चरबी आणि दिवसभर ओट्यावरून उड्या. आज ना उद्या हे होणारच होतं. पाय जरा लांब ओढून अंगठा लावला असता तर वाटी टक्कन जागेवर गेली असती, रोजी चार पायांवर पळाली असती, आणि सगळ्या गावासमोर बादशहा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ झाला असता. त्याचा अंगठा वाटीवरच होता.

पण मग काय झालं असतं? लालासाहेब हसला असता. "चुकलं गड्या माझं," म्हणून त्यानं पाठीवर थाप मारली असती, लोक पांगले असते, आणि दुपारपर्यंत सगळे विसरले असते. बादशहाला मात्र कुत्रीपुढं गुडघे टेकल्याचं मरेपर्यंत आठवलं असतं. एवढ्या स्वस्तात जमादार सुटणार? छे. त्यानं अंगठा काढून घेतला. "माफ कर," तो कुत्रीला म्हणाला. रोजीनं त्याचा हात चाटला.

घरी येऊन त्यानं, कुत्र्याची लाळ लागली की धर्मात सांगितलंय तसा, सात वेळा हात धुतला. त्याची बायको मदिनाबी तांब्यानं पाणी ओतत होती. गावातली बातमी तिच्यापर्यंत त्याच्या आधी पोचली होती.

"मारलंसा काय तुमी तिला?"

"न्हाई. तिची वाटी सरकलीया. जल्माचं दुखणं हाय."

"मंग तितंच सांगायचं न्हाई?"

"सांगीन. सांगायची येळ येऊ दे." त्यानं ओले हात झटकले. "आधी जमादार माझं पाय धरंल. मंग सांगीन."

मदिनाबीनं रिकामा तांब्या आपटला आणि ती आत गेली. तिला नवऱ्याचा स्वभाव माहीत होता, म्हणून ती पुढं बोलली नाही. बोलायला हवं होतं, पण ते तिलाही नंतर कळलं.

त्यानंतर बादशहाला रोजचा तमाशा बघायला मिळू लागला. रोजीचा पाय दोन दिवसांत आपोआप बरा झाला. वाटी स्वतःच जागेवर गेली. लालासाहेबानं शालूबाईच्या हातून मारुतीला नारळ पाठवला. आठ दिवसांनी कुत्री पळता पळता पुन्हा केकाटली आणि तीन पायांवर उड्या मारायला लागली. चार पावलं लंगडायची, पाय मागं झटकायची, पुन्हा नीट चालायची. गावाला ते भुताटकीसारखं वाटायचं. लालासाहेबानं आंबेहळदीचा लेप लावला, बिब्ब्याचा चटका दिला, गरम विटेनं शेकलं. आणि शक्ती यावी म्हणून तूप वाढवलं. अंग आणखी वाढलं, गुडघ्यावरचं ओझं आणखी वाढलं. चिंचेखाली बसून बादशहा हे सगळं बघायचा. तूप बंद करा, ओट्यावरून उड्या मारू देऊ नका, पाय ओढून वाटी बसवा, एवढ्या तीन गोष्टी त्याच्या जिभेच्या टोकावर होत्या. तो सुपारी चघळायचा आणि त्या तिन्ही गोष्टी सुपारीबरोबर गिळायचा. पाठीत वाकून, कुत्रीला उचलून, तोंड पाडून जमादार समोरून गेला की त्याला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटायचं.

जमादाराच्या बैलांपाठोपाठ गुंडाचे बैलही इस्लामपूरला जायला लागले. गुंडानं एकदा विचारलं, तेव्हा बादशहा म्हणाला, "माझी मान खाली हाय गड्या. मला तुझं बैल दिसत न्हाईत."

असं वर्ष निघून गेलं. सुगी झाली आणि धुळा धनगर मेंढरं घेऊन गावच्या रानात उतरला. लंगड्या मेंढरांना डाग द्यायचं काम धुळाचं. तापलेल्या सळईनं दुखरी जागा डागली की दुखणं पळतं, अशी साऱ्यांची श्रद्धा. उपाय थकले म्हणून लालासाहेबानं धुळाला बोलावलं. धुळा येता येता चिंचेखाली थांबला.

"बादशाभाई, तुमाला पायातलं कळतं. मी मेंढरांचं बगतो. असलं चिमणीएवढं जनावर कवा हातात घेतलं न्हाई. डाग मांडीवर देऊ का गुडघ्यावर?"

बादशहाच्या हातातला हातोडा थांबला. डागून वाटी जागेवर येत नाही, हे त्याच्याइतकं त्या गावात कुणाला कळत होतं? गुडघ्यावर डागलं तर कातडं आखडेल, खालची शीर घट्ट होईल, आणि वाटी सरकली त्याच जागी कायमची जखडेल, हेही कळत होतं. 'डाग देऊ नगं,' एवढं म्हटलं असतं तरी पुरं होतं. पण चावडीची ती पायरी त्याला बसल्या जागेवरून दिसत होती.

"गुडघ्यावर," तो म्हणाला. "आतल्या अंगानं."

थोड्या वेळानं लालासाहेबाच्या अंगणातून ओरडणं ऐकू आलं. कुत्रीचं, आणि पाठोपाठ शालूबाईचं. बादशहा पत्री ठोकत होता. खिळा वाकडा गेला. त्यानं तो उपटला, आजूबाजूला कुणी बघितलं नाही ना याची खात्री केली आणि दुसरा ठोकला.

त्यानंतर रोजीचा पाय जमिनीला लागलाच नाही. जखम भरली, पण पाय पोटाशी वळला तो वळलाच. शेवटी लालासाहेब तिला टोपलीत घालून सर्व्हिस मोटारीनं सांगलीला जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. दोन दिवसांनी परतला तो बाजारच्या दिवशी, मोटारीतून उतरला तो तडक चिंचेखाली. बाजार भरला होता. गुंडा होता, धुळा होता, लांब बैल धरून दादासोही उभा होता. लालासाहेबानं टोपली खाली ठेवली, डोक्याचा फेटा काढला, आणि कुणाला काही कळायच्या आत वाकून बादशहाचे दोन्ही पाय धरले.

"चुकलो गड्या. सांगलीच्या डाक्तरनं सांगितलं, मार न्हाई, काय न्हाई. वाटी सरकती. जल्माचं हाय. तू खरं बोलत व्हतास, आणि मी तुला सगळ्या गावाम्होरं... मला माफ कर."

बादशहानं दीड वर्ष या क्षणाची वाट पाहिली होती. सगळा बाजार बघत होता. आणि नेमकं तेव्हाच त्याला गप्प बसता आलं नाही. जिंकलेल्या माणसाला गप्प बसणं फार अवघड जातं.

"डाक्तर कशाला पायजे त्याला?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं! पायरीवर तिचा पाय हातात घेतला तवाच. वाटी आतल्या अंगाला. बगा, असं धरायचं, असं वडायचं..." त्यानं टोपलीतून रोजीला उचललं, पाय ओढला, अंगठा लावला. वाटी हलली नाही. त्यानं पुन्हा रेटली. कातडं चामड्यासारखं घट्ट झालं होतं, आणि वाटी डागाखाली जखडून बसली होती. रोजी कण्हली. तिसऱ्यांदा त्यानं अंगठा काढून घेतला.

लालासाहेब अजून खाली बसलेला होता. त्यानं मान वर केली. "पयल्याच दिवशी?" त्यानं हळू विचारलं. "डाक्तर म्हणला, आधीच वाटी बसवून खाणं कमी केलं असतं, तर चार पायांवर राहिली असती. डागानं घात केला म्हणला." त्यानं धुळाकडं पाहिलं. "धुळा, गुडघ्यावर डाग द्याय तुला कुणी सांगितलं?"

धुळानं बादशहाकडं पाहिलं. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्याची मानही खाली नव्हती.

लालासाहेब उठला. तो ओरडला असता, त्यानं हात उगारला असता, तर बादशहाला सोसलं असतं. पण त्यानं नुसती रोजी त्याच्या हातातून काढून घेतली. मग दीड वर्षापूर्वी बोलला होता तेच तो बोलला, फक्त या वेळी आवाज चढला नव्हता. "राग माझ्यावर व्हता न्हवं तुझा? मंग मला डागायचं. मी हितंच व्हतो. मुक्या जनावरानं तुझं काय केलं व्हतं?"

त्या पहिल्या वेळी बादशहाजवळ उत्तर होतं, कारण त्यानं काही केलंच नव्हतं. आता तो हातोडा शोधायला लागला. हातोडा त्याच्या पायाशीच पडला होता.

घरी मदिनाबीला त्यानं सगळं सांगितलं. तिनं पाण्याचा तांब्या आणला नाही. "रोग रेड्याला आणि डाग पखालीला," एवढंच ती म्हणाली, आणि चुलीकडं वळली.

आता जमादार आपल्यावर डूख धरणार, बैल इस्लामपूरलाच नेत राहणार, वाटेत दिसलं की तोंड फिरवणार, याची बादशहानं तयारी ठेवली होती. त्याला तोच रिवाज ठाऊक होता. पण पुढच्या बाजाराला लालासाहेब स्वतः दोन्ही बैल घेऊन चिंचेखाली आला. "पत्र्या झिजल्यात," तो म्हणाला. पलटणीची गोष्ट त्यानं सांगितली नाही. मिल्ट्रीच्या नालेचं नावही काढलं नाही. बादशहानं बैल पाडला आणि काम सुरू केलं. रोजी तीन पायांवर उड्या मारत आली, बैलाकडं बघून भुंकली, आणि बादशहाच्या मांडीला टेकून बसली. त्यानं हात बाजूला घ्यायच्या आत तिनं तो चाटला. सगळ्या पत्र्या मारून होईपर्यंत ती तिथंच बसली होती, आणि सगळ्या पत्र्या मारून होईपर्यंत बादशहानं मान वर केली नाही.

बैल उठले तेव्हा दादासो पलीकडून आपले बैल घेऊन इस्लामपूरच्या वाटेला लागला होता.

"दादासो," बादशहानं हाक मारली. बारा-तेरा वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडात आलं होतं, ते नीट उमटलं नाही. म्हणून तो पुन्हा म्हणाला, "दादासो, हिकडं आण बैल. खिळा वाकडा बसला तर सांग."